आधी एकच रेकॉर्ड, पण पुन्हा पुन्हा

अरे, शास्त्रीय गाणं ऐकायला शिकायचंय ना, मग रोज नवी रेकॉर्ड कशाला शोधतोस? आपण कोल्हापूरकर. जयपूर घराण्याची गायकी घडवणारे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते, तेव्हा सुरुवात त्या घराण्यापासूनच कर.

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची जुनी ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी घे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, पण त्यात राग पुरा उभा राहतो. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. तीही ऐक, पण सुरुवातीला नको, भैरवीची गोडी भुलवते.

आठवडाभर एकच रेकॉर्ड लाव. तीनताल असेल तर बोटांच्या पेरांवर सोळा मात्रा मोज. पहिल्यांदा सम, म्हणजे पहिली मात्रा, चुकेल; ‘खाली’, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा, नवव्या मात्रेवर येते हेही निसटेल. चुकू दे. चौथ्या-पाचव्या वेळी तान, म्हणजे सुरांची वेगवान लड, समेवर येताना तुझी मान आपोआप हलेल. मला ते पहिल्यांदा जमलं तेव्हा चहा गार झाला होता आणि मला पत्ताही नव्हता.

मग त्याच घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर. त्यांना खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांची तालीम मिळाली. मन्सूरांचे अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग घाईत कळत नाहीत. रागाचं नाव पाठ करू नकोस, त्याचं चलन, म्हणजे सुरांची चाल, कानात बसू दे.

आणि मोबाईलचा स्पीकर नको रे, तानपुरा हरवतो. साधा हेडफोन चालेल. जमेल तेव्हा आपल्या कोल्हापुरातल्या देवल क्लब या संगीत संस्थेत प्रत्यक्ष मैफल ऐक, पुढे बस.