घरचा आकडा खरा की दवाखान्यातला?

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय 62 आहे. उच्च रक्तदाबासाठी त्यांना तीन आठवड्यांपासून रोज सकाळी टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅमची गोळी सुरू आहे. साताऱ्याला दवाखान्यात रक्तदाब 166/94 भरला. घरच्या यंत्रावर मात्र कधी 148/88, तर कधी 136/82 येतो. त्या सकाळी मशेरी लावतात आणि गुडघे दुखले की दुकानातून गोळी आणून घेतात. रक्तदाबाची गोळी लागू पडत नाही असे समजून ती बदलून घ्यावी का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : गोळी बदलण्याची घाई करू नये. या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला साधारणतः चार ते आठ आठवडे लागतात, आणि सासूबाईंचे तीनच झाले आहेत.

त्याआधीचा प्रश्न मोजणीचा आहे. कोरेगावहून एसटीने यायचे, स्थानकावर चहा घ्यायचा, दवाखान्याचा जिना चढायचा आणि धाप ओसरण्याआधीच दंडाला पट्टा बांधून घ्यायचा, असे झाले असेल तर त्या आकड्यात धावपळीचाही वाटा असतो. डॉक्टरांसमोर नुसत्या धास्तीनेही अनेकांचा रक्तदाब चढतो. म्हणूनच दवाखान्यात 140/90 ही उच्च रक्तदाबाची मर्यादा मानतात, तर घरच्या सरासरीसाठी 135/85.

घरी सलग सात दिवस, सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजावा. त्याआधी अर्धा तास चहा आणि मशेरी नको, लघवीला जाऊन आलेले असावे, आणि पाठीला आधार देऊन, पायावर पाय न टाकता, पाच मिनिटे शांत बसलेले असावे. हात टेबलावर असा ठेवावा की दंड हृदयाच्या पातळीत येईल. हात खाली लोंबता राहिला की आकडा वाढतो. पोलक्याची घट्ट बाही वर सारून दंड आवळू नये, आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्यावा, कारण लहान पट्टा रक्तदाब आहे त्याहून जास्त दाखवतो. मोजताना कोणी त्यांच्याशी बोलू नये. पहिला दिवस सोडून उरलेल्या चोवीस नोंदींची सरासरी काढावी. चांगला आकडा तेवढा लिहायचा आणि वाईट सोडायचा, असे मात्र कृपया करू नका.

मशेरीतल्या निकोटिनने रक्तदाब काही काळ वाढतो. तोंडाला आणि हृदयाला होणारा तिचा अपाय तर त्याहून गंभीर आहे, त्यामुळे ती सुटलीच पाहिजे. पण आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट मला वाटते ती गुडघ्यांची गोळी. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, टेल्मिसार्टनचा परिणाम कमी करतात आणि दोन्ही मिळून मूत्रपिंडावर ताण आणू शकतात. त्या नेमकी कोणती गोळी घेतात हे डॉक्टरांना पाकीट दाखवून सांगावे, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) व पोटॅशियमच्या रक्ततपासणीबद्दलही विचारावे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असते, आणि टेल्मिसार्टननेही रक्तातले पोटॅशियम वाढू शकते. म्हणून ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. साधे मीठ मात्र लोणचे-पापडासह दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून कमी असावे.

पुढच्या भेटीला वहीबरोबर यंत्रही न्यावे, म्हणजे ते दवाखान्यातल्या यंत्राशी पडताळून घेता येईल. तोवर गोळी स्वतःहून थांबवू नये. छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर आकडा कितीही असो, सरासरीची वाट न पाहता त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्यावे.