जपानी फुटबॉल गावागावांत कसा रुजला

तुमचा प्रश्न असा : जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, देशाकडे पैसाही भरपूर, मग त्यांच्या फुटबॉलची भरभराट एवढ्यावरच झाली का? मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. शिस्त आणि पैसा दोन्ही १९८०च्या दशकातही होतं. तरी १९९८च्या आधी जपान एकाही विश्वचषकाला पात्र ठरला नव्हता. १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये तर आपणच त्यांना २-० हरवलं होतं आणि पुढे सुवर्णही जिंकलं होतं.

त्यांना पहिला हात दिला तो जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांनी. टोकियो ऑलिंपिकच्या तयारीसाठी ते १९६० साली आले. १९६५ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, १९६८ला मेक्सिकोत ऑलिंपिक कांस्य मिळालं, आघाडीपटू कामामोतोने ७ गोल केले. आणि मग सगळं थंडावलं. लीगमधले संघ कंपन्यांचे होते : फुरुकावा इलेक्ट्रिक, मित्सुबिशी, हिताची. खेळाडू कंपनीचे नोकरदार. ज्या शहरात संघ खेळायचा, त्या शहराला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

खरा बदल घडवला साबुरो कावाबुची यांनी. हे स्वतः फुरुकावाचे खेळाडू, १९६४च्या ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला ३-२ हरवलं त्यात त्यांचा एक गोल होता. जे-लीग, म्हणजे जपानची व्यावसायिक लीग, उभी करताना त्यांनी अट घातली, की क्लबच्या नावात गाव किंवा शहर हवं, कंपनी नको. मोठमोठ्या मालकांना हे रुचलं नाही. योमिउरी वृत्तपत्रसमूहाशी तर जाहीर वाद झाला. कावाबुची हटले नाहीत. १५ मे १९९३ला १० क्लबांची लीग सुरू झाली.

काशिमाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. इबाराकीतलं लहानसं पोलादनगर, तिथला सुमितोमो मेटल्सचा संघ दुसऱ्या विभागातला. यांना घेणार कोण? छप्पर असलेलं १५ हजारांचं स्टेडियम बांधा, मग बघू, असं सांगण्यात आलं, आणि त्यांनी ते खरंच बांधलं! ब्राझीलचा नामवंत खेळाडू झिको तिथे आधीच येऊन दाखल झाला होता. पहिल्याच लीग सामन्यात त्याने हॅटट्रिक केली. लोक झिकोच्या गोलांबद्दल बोलतात, पण रोजच्या सरावात त्याने व्यावसायिक खेळाडू कसा वागतो हे त्या पोरांना दाखवलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. काशिमा पुढे लीगची सर्वाधिक विजेतेपदं जिंकणारा क्लब झाला.

सुरुवातीची हवा ओसरल्यावर मात्र कसोटी लागली. १९९८मध्ये पुरस्कर्त्याने हात आखडला आणि योकोहामा फ्ल्यूगेल्स हा क्लब शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन करायचं ठरलं. खेळाडू शेवटपर्यंत लढले, १ जानेवारी १९९९ला सम्राट चषक ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकली आणि तोच क्लबचा शेवटचा सामना ठरला. पण चाहत्यांनी विलीनीकरण मान्य केलं नाही. त्यांनी स्वतःचा योकोहामा एफसी काढला आणि तो पुढे पहिल्या विभागापर्यंत पोचला. आपल्याकडे २०१०मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड, राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, बंद झाला. त्याच्या जागी काही उभं राहिलं नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं. आज जे-लीगच्या तीन विभागांत मिळून ६० क्लब आहेत.

दुसरं कारण कमी लोक सांगतात. तिथे पंधराव्या-सोळाव्या वर्षी क्लबने नाकारलेल्या मुलाचे दरवाजे बंद होत नाहीत. पुढे जपानकडून खेळलेल्या शुनसुके नाकामुराला मारिनोसने युवा संघात घेतलं नाही, केइसुके होंडाला गांबा ओसाका या क्लबने. दोघेही शालेय फुटबॉलमधून वर आले. तिथली हिवाळी शालेय स्पर्धा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिला मोठा प्रेक्षक आहे. राष्ट्रीय संघातल्या काओरू मितोमाने तर अठराव्या वर्षी कावासाकी क्लबचा व्यावसायिक करार नाकारला, त्सुकुबा विद्यापीठात गेला आणि ड्रिब्लिंगवर प्रबंध लिहिला. उशिरा उमलणारी अशी मुलं ज्या व्यवस्थेत हरवत नाहीत, तिला खेळाडूंचा तुटवडा कसा पडेल?

खेळाडूंनी परदेशी क्लबांत जाणं हे यानंतरचं. १९९८मध्ये हिदेतोशी नाकाता इटलीतल्या पेरुजा क्लबला गेला, त्याच्यामागे रांग लागली. तरीही २०२२पर्यंत विश्वचषकात उपउपांत्यपूर्व फेरीपुढे त्यांची मजल गेली नव्हती, हेही खरं.

ऑक्टोबर १९९३मध्ये दोहात इराकने अखेरच्या क्षणी बरोबरी साधली आणि जपानचा विश्वचषक हुकला, तेव्हा मैदानात हाजिमे मोरियासू होते. डिसेंबर २०२२मध्ये त्याच दोहात ते प्रशिक्षक म्हणून उभे होते, समोर स्पेन. गोलरेषेवरून केसभर आत असलेला चेंडू मितोमाने मागे वळवला आणि आओ तानाकाने आत ढकलला. ही दोन्ही मुलं कावासाकीतल्या सागिनुमा नावाच्या एकाच वस्तीतली, लहानपणी एकाच मुलांच्या क्लबात खेळलेली.