समुद्रशोकाचा वेल कुंडीत येतो का? आणि त्याच्या बिया सांधेदुखीवर चालतात का?

कुंडीत येतो, पण नुसता पाला वाढतो. हा लाकडी खोडाचा दांडगा वेल. जमीन, कडक ऊन आणि भक्कम मांडव मिळाला तर 10 मीटरच्या वर जातो. बी टणक असतं. डोळ्याची बाजू सोडून सँडपेपरवर घासा, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, फुगेल तेवढंच पेरा. पहिल्या वर्षी फुलांची वाट पाहू नका.

बिया मात्र खायच्या नाहीत. विषय इथेच संपायला हवा, पण आमच्या काकांशी तो अजून संपलेला नाही.

काकांनी कुठेसं वाचलं की वृद्धदारुक, म्हणजे हाच वेल, रसायन (शरीराला बळ देणारं औषध) आहे, आमवातावर उत्तम. आयुर्वेदात तसं मानतात खरं, अजमोदादि चूर्णातही ते असतं. पण त्यासाठी घेतात ते मूळ! काकांनी माझ्याच वेलाची वाळलेली फळं फोडून बिया कुटल्या आणि दुधातून घेतल्या. अडवायला गेलो तर, "कालचा पोरगा तू! झाडाचं आहे, अपाय कसा होईल?" धोतराही झाडच आहे, पण ऐकतो कोण. थोड्याच वेळात ओकाऱ्या, हातपाय गार, आणि समोरचा पडदा श्वास घेतोय म्हणू लागले. रात्र दवाखान्यात काढली. या बियांत एलएसए नावाचं द्रव्य असतं, भास घडवणाऱ्या एलएसडी या अमली पदार्थाच्या कुळातलं. ते तयार करते वेलात मुक्कामाला असलेली एक बुरशी.

पानाचं म्हणाल तर मी त्याच्या बाजूचा. वरून गुळगुळीत, खालून रुपेरी रेशमी लव. गळू पिकायला लवेची बाजू लावायची, फुटल्यावर भरून यायला गुळगुळीत, असं जाणती माणसं सांगतात. काका याला थोतांड म्हणतात. कुटलेल्या बिया दुधातून पिणाऱ्याने पानाला थोतांड म्हणावं!

हां, मधुमेह असेल तर गळवावर घरचे प्रयोग नकोत. गर्भारपणात तर या वेलाचं काहीच पोटात नको. आणि विधारा (याच वेलाचं बाजारातलं नाव) म्हणून मर्यादवेल ही दुसरीच वेलही खपवतात. तिचं पान आपट्यासारखं टोकाशी दुभंगलेलं आणि बिनलवेचं असतं. मूळ घ्यायचंच असेल तर वैद्याला विचारून, किती आणि कशातून हे तोच सांगेल.

काकांचं म्हणणं अजून तेच, दूध नासलेलं होतं.