मुलाला अमेरिकेतल्या पेन स्टेटची (पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी) बी.एस.ची ऑफर आली आहे, पण कॅम्पस हॅरिसबर्ग. हे खरं पेन स्टेट आहे का?

हो, खरंच आहे. मी मास्टर्स हॅरिसबर्गलाच केलं.

आधी एक घोळ मिटवतो. आयव्ही लीग या नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातलं 'पेन' ते हे नव्हे. ते युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया, फिलाडेल्फियातलं खासगी विद्यापीठ. पेन स्टेट सार्वजनिक, १८५५ साली शेतीशाळा म्हणून सुरू झालेलं. मुख्य कॅम्पस स्टेट कॉलेज नावाच्या गावात, त्याला युनिव्हर्सिटी पार्क म्हणतात. बाकीचे कॅम्पस राज्यभर विखुरलेत. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांसारखा प्रकार नाही, म्हणजे संस्था वेगळी आणि परीक्षा तेवढी विद्यापीठाची, असं नाही. विद्यापीठ एकच आणि पदवीही त्याचीच.

फरक पडतो तो रोजच्या जगण्यात. युनिव्हर्सिटी पार्कला एक लाखाहून जास्त प्रेक्षक मावतील असं फुटबॉल स्टेडियम आहे, मोठ्या प्रयोगशाळाही बहुतेक तिकडेच. हॅरिसबर्गचा कॅम्पस प्रत्यक्षात मिडलटाउनला, जुन्या हवाई दलाच्या तळावर. विमानतळ शेजारीच. जवळच नदीतल्या बेटावर थ्री माइल आयलंड हे अणुवीज केंद्र, १९७९ च्या अणुअपघातामुळे गाजलेलं. वर्ग छोटे, प्राध्यापक नावानिशी ओळखतात. धमाल कॉलेजजीवन हवं असेल तर मात्र मुलगा कंटाळेल, हे आधीच सांगून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. अनेक मुलं पहिली दोन वर्षं छोट्या कॅम्पसवर काढतात आणि मग युनिव्हर्सिटी पार्कला जातात. इथे त्याला टू प्लस टू म्हणतात. फी थोडी वाचते. पण 'नंतर मिळेलच' असं धरून चालू नका: इंजिनिअरिंग, कॉम्प्युटरसारख्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) ठरावीक विषय आणि किमान जीपीए, म्हणजे सरासरी ग्रेड, लागतो. त्याचं मेजर हॅरिसबर्गलाच चारही वर्षं पूर्ण होतं का, एवढं ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून लेखी घ्या. तिथे बऱ्याच विषयांत पूर्ण पदवी होते, पण सगळ्यांत नाही.

सार्वजनिक म्हणून स्वस्त असेल, असंही समजू नका. बाहेरच्या मुलांना फी राज्यातल्या मुलांपेक्षा बरीच जास्त असते.

मे २०२५ मध्ये विश्वस्तांनी सात छोटे कॅम्पस २०२७ च्या स्प्रिंग सत्रानंतर बंद करायचं ठरवलं, मुख्यतः घटत्या विद्यार्थिसंख्येमुळे. त्यांत हॅरिसबर्ग नाही, पण जवळचंच यॉर्क आहे. कुणी स्वस्त म्हणून यॉर्क सुचवलं तर सरळ नाही म्हणा.