खनिज तेल संपत चाललंय असं टोपणनावाने सांगणाऱ्या तज्ज्ञावर विश्वास ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'तीस वर्षं तेलाच्या धंद्यात काढली' म्हणणारा, पण नाव-गाव न सांगणारा माणूस एकीकडे आणि मोठ्या संस्थेचा नावाजलेला तज्ज्ञ दुसरीकडे. जगात तेल किती उरलंय याबद्दल कोणाचं मानायचं?

आधी कबुली देतो. तसला एक निनावी माणूस मी स्वतःच होतो.

मी मडलॉगर होतो. विहीर खोदताना ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर दगडाचा चुरा वर येतो. तो धुऊन, सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, अतिनील दिव्याखाली चमकतो का ते पाहायचं, वायूचे आकडे नोंदवायचे. चौदा दिवस समुद्रातल्या रिगवर, म्हणजे खोदकामाच्या फलाटावर, चौदा दिवस घरी. करारात स्वच्छ लिहिलेलं असायचं की विहिरीतलं अक्षरही बाहेर बोलायचं नाही. काही विहिरी तर 'टाइट होल', म्हणजे पूर्ण गुप्त. तिथे आज किती मीटर खोदलं हे रिगवरच्या निम्म्या लोकांनाही कळत नसे. त्यामुळे २००६-०७ मध्ये 'पीक ऑइल'चा, म्हणजे जगाचं तेल उत्पादन शिखर गाठून कधी घसरायला लागणार याचा, वाद रंगला तेव्हा बोलायची खुमखुमी होती, पण नोकरीही हवी होती. घेतलं टोपणनाव.

जुलै २००८ मध्ये तेल बॅरलला १४७ डॉलरवर गेलं. मी ठोकून दिलं की शंभराच्या खालचा भाव आता विसरा. वर 'मी रिगवरून बोलतोय' हेही जोडलं. डिसेंबरात भाव चाळीसच्या खाली. मग मी काय केलं? ते नाव टाकलं आणि दुसरं घेतलं. एकानेही जाब विचारला नाही.

निनावी माणसाची खरी अडचण ही आहे. तो खोटारडा असतो असं नाही. चुकल्यावर त्याच्या खिशातून काही जात नाही, एवढंच. एकच टोपणनाव दहा वर्षं चालवणारा, जुने अंदाज न पुसणारा माणूस मात्र वेगळा. त्याचं खरं नाव कळलं काय, न कळलं काय, त्याची वही उघडी असते. ती चाळून बघा.

आणखी एक. रिगवर तीस वर्षं काढली म्हणून जगाच्या तेलाचा हिशोब कळतो असं मुळीच नाही. मला माझ्या बोअरमधला चुरा कळायचा. शेजारच्या विहिरीत काय चाललंय हेसुद्धा मला जेवणाच्या टेबलावर कळायचं. धंद्यातले शब्द सफाईने वापरणं हा तज्ज्ञपणाचा पुरावा नव्हे, ते शब्द कोणीही दोन महिन्यांत शिकतो.

आता नाव लावून बोलणाऱ्यांकडे वळू.

९ जानेवारी २००४ ला शेल कंपनीने जाहीर केलं की आपल्या सिद्ध साठ्यांपैकी (म्हणजे नक्की काढता येईल असं मानलेल्या तेल-वायूपैकी) सुमारे २० टक्के, म्हणजे ३.९ अब्ज बॅरल, त्या वर्गात बसतच नाहीत. हे साठे सहीशिक्क्यानिशी, वार्षिक अहवालात होते. नंतर बाहेर आलेल्या ईमेलमध्ये कंपनीच्या उत्खनन विभागाचे प्रमुख अध्यक्षांना लिहितात की साठ्यांबद्दल खोटं बोलून मी आता विटलोय. मार्च २००४ मध्ये दोघांनाही जावं लागलं. एखादा निनावी भूगर्भशास्त्रज्ञ हेच २००२ मध्ये बोलला असता तर 'नाव सांग आधी' म्हणून आपणच त्याला हाकललं असतं.

ओपेक या तेल निर्यातदारांच्या संघटनेतल्या देशांचं तर विचारूच नका. १९८० च्या दशकात उत्पादनाचा कोटा साठ्यांशी जोडायची चर्चा निघाली आणि एकेका देशाचे साठे एका वर्षात उड्या मारू लागले. सौदी अरेबियाचा आकडा १७० अब्ज बॅरलच्या आसपास होता, तो दशक संपता संपता २५० च्या पुढे गेला, तोही एवढं मोठं नवं क्षेत्र सापडल्याचं कोणी सांगितलेलं नसताना. हे आकडे आजही सरकारी तक्त्यांत छापतात, खाली व्यवस्थित नाव लावून.

नाव आणि बरोबर असणं यांचा संबंध किती सैल असतो, ते हबर्टच्या उदाहरणात दिसतं. एम. किंग हबर्ट हे शेलचेच भूभौतिकशास्त्रज्ञ. मार्च १९५६ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोत ते बोलायला उभे राहणार, तेवढ्यात मुख्यालयातून फोन आला की जरा सौम्य करा. त्यांनी केलं नाही. अमेरिकेचं उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल असं त्यांनी सांगितलं, आणि ते १९७० मध्ये गाठलं. बहुतेक लेखांत गोष्ट इथेच थांबते. पण त्याच निबंधात जगाचं शिखर २००० च्या सुमारास, वर्षाला साडेबारा अब्ज बॅरलवर येईल असंही होतं. प्रत्यक्षात २००० मध्ये जगाने त्याच्या दुपटीहून जास्त तेल काढलं. शिवाय 'शेल' नावाच्या खडकातल्या तेलामुळे (शेल कंपनीशी याचा संबंध नाही) २०१८ मध्ये अमेरिकेने स्वतःचं १९७० चं शिखरही ओलांडलं. माणूस तोच, निबंध तोच, एक अंदाज अचूक आणि दुसरा साफ फसलेला.

हबर्टसोबत काम केलेले प्रिन्स्टनचे केनेथ डेफीस यांनी तर जगाच्या शिखराची तारीखच दिली: नोव्हेंबर २००५ मधला थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाचा दिवस. (निम्मं ते थट्टेनेच असावं, पण लोकांनी ते कोरून ठेवलं.) पलीकडच्या बाजूचे, म्हणजे तेल इतक्यात संपत नाही म्हणणारे, ऊर्जा विश्लेषक डॅनियल येर्गिन. त्यांनी २००४ च्या अखेरीस सांगितलं की वर्षभरात तेल ३८ डॉलरला मिळेल. वर्षाने ते साठच्या आसपास होतं. दोघंही आपापल्या क्षेत्रातले मान्यवर.

डेफीस मात्र पुरते चुकले का? इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण अशा वादांत नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१० च्या अहवालात स्वतःच लिहिलं की पारंपरिक कच्च्या तेलाचं उत्पादन २००६ मध्ये, दिवसाला सुमारे ७ कोटी बॅरलवर, शिखराला जाऊन आलं. म्हणजे 'तेल' या शब्दात नेहमीच्या विहिरींतलं कच्चं तेलच धरलं तर डेफीस वर्षभराने चुकले. त्यात शेल खडकातलं तेल, कॅनडाची तेलवाळू, नैसर्गिक वायूबरोबर निघणारे द्रव आणि जैवइंधनही धरलं तर ते पार चुकले. दोन माणसं रात्रभर भांडतात, एकमेकांना अडाणी ठरवतात, आणि दोघांच्या डोक्यातलं 'तेल' वेगळं असतं. म्हणून समोरचा कोण आहे हे विचारण्याआधी मी विचारतो की तुम्ही तेल कशाला म्हणता. ज्याला याचं उत्तर देता येत नाही त्याचं ओळखपत्र बघण्यात मला रस उरत नाही.

निनावी दाव्याचं काय करायचं, याचा उत्तम धडा २००९ चा. त्या नोव्हेंबरात लंडनच्या गार्डियनने याच ऊर्जा संस्थेतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचं म्हणणं नाव न देता छापलं. बाजारात घबराट नको म्हणून, अमेरिकेच्या दबावाखाली, टंचाई कमी करून दाखवली जाते, असा आरोप. मी या दाव्याचे तेव्हा दोन तुकडे केले. २०३० साठीचा अंदाज हळूहळू खाली आणला जातोय, हा एक तुकडा. तो तपासायला त्या माणसाची गरजच नव्हती. जुने अहवाल काढले की दिवसाला १२ कोटी बॅरलच्या घरातला आकडा काही वर्षांत साडेदहा कोटींवर आलेला दिसत होता. दबाव आणि हेतू हा दुसरा तुकडा. तो फक्त त्याच्या शब्दावर उभा होता. पहिला मी लगेच मान्य केला. दुसरा फळीवर ठेवला, आजही तिथेच आहे.

सौदीच्या घवार या राक्षसी क्षेत्राबद्दल टोपणनावाने लिहिणाऱ्या अभियंत्यांनी बरीच वर्षं छापील तांत्रिक निबंधांवरून पाण्याची पातळी, विहिरींच्या जागा जुळवत हिशोब मांडले होते. ते म्हणायचे, घवार सांगतात तेवढं देत नाही. एप्रिल २०१९ मध्ये अराम्को या सौदीच्या सरकारी तेल कंपनीने कर्जरोख्यांसाठी माहितीपत्रक काढलं, त्यात घवारची कमाल क्षमता दिवसाला ३८ लाख बॅरल निघाली. बाजार ५० लाख धरून बसला होता. पण 'मग सौदीचं उत्पादन कोसळणार' हा त्याच मंडळींचा पुढचा निष्कर्ष काही खरा ठरला नाही.

आपल्याकडची मुंबई हाय मी जवळून पाहिली. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथून दिवसाला पावणेपाच लाख बॅरलच्या आसपास तेल निघायचं, आज दीड लाखाच्याही आत. विहिरीतून तेलापेक्षा पाणी जास्त येतं. ही घसरण सांगायला कोणा जाणकाराची साक्ष लागत नाही, उत्पादनाचे आकडे जाहीर असतात.

तर तुमच्या त्या तीस वर्षांवाल्याला तीनच गोष्टी विचारा. तेलात काय काय धरलंस? चालू क्षेत्रांची घसरण वर्षाला किती टक्के धरलीस? आणि कोणत्या वर्षी काय दिसलं तर तू चुकलास असं मानशील? हेच प्रश्न संस्थेच्या अहवालालाही विचारा. उत्तरं बहुतेकदा परिशिष्टात बारीक अक्षरात असतात.

माझ्या त्या दुसऱ्या टोपणनावाने मी पुढे, नोकरी सुटल्यावर, २००८ चा जुना फसलेला अंदाज माझाच होता हे लिहून टाकलं. खाली पहिलीच प्रतिक्रिया आली: 'बरं झालं सांगितलंत. मग आता भाव कुठपर्यंत जाईल, दादा?'