तंबू शेवटी बघा, आधी जमीन बघा

प्रश्न : ताई नमस्कार, मुलीचं लग्न ठरलंय, पुढच्या ऑगस्टमध्ये. आम्ही लंडनमधल्या हॅरोचे, व्याही गुजराती आहेत लेस्टरचे. त्यांची यादी अडीचशेची आणि आमची कापून कापून दोनशे, म्हणजे झाले साडेचारशे. हॉल बरेच बघितले पण मुलीला मार्कीच, म्हणजे लग्नाचा मोठा तंबूच हवाय. तीन जागा बघून झाल्यात, एका हॉटेलच्या लॉनवर कायमची उभी असलेली मार्की, एक जुना वाडा टाइप बंगला जिथे उन्हाळ्यात तंबू लावतात, आणि हर्टफर्डशरमधलं एक शेत, नुसतं शेत. शेत सगळ्यात स्वस्त. आमचे हे म्हणतात शेतच घेऊ, वाचलेले पैसे डेकोरला घालू. मला काही सुचत नाहीये, नक्की बघायचं तरी काय?
– लग्नघरची आई

उत्तर : ताई, अभिनंदन आधी! आणि साहेबांना सांगा की शेत स्वस्त दिसतंय कारण त्यात काहीच नाहीये. पाणी नाही, टॉयलेट नाही, वीज नाही, किचन नाही, चालायला रस्ता नाही. हे सगळं भाड्याने आणायचं, आणि ते आणलं की शेत बंगल्याच्या भावाला येऊन बसतं, कधी वरही जातं. जनरेटर, टॉयलेट ट्रेलर, किचनचा वेगळा तंबू, पाण्याचा टँकर, खाली घालायचं लाकडी फ्लोअरिंग, पार्किंगसाठी माणसं, रात्रीचे लाइट, हे सगळं एका कागदावर मांडा, तिन्ही जागांचा असा कागद करा आणि मगच तुलना करा. प्रत्येक आकडा व्हॅट धरून आहे का ते विचारा, २० टक्के नंतर कळले तर डेकोरचं बजेट तिथेच संपतं.

आता साडेचारशे. जागेचा माणूस म्हणेल "हो हो, ५०० बसतात", पण ते कसे बसतात ते विचारा. नुसत्या ओळीने लावलेल्या खुर्च्या धरून बोलतोय का गोल टेबलं धरून? गोल टेबलांना माणशी साधारण १५ चौरस फूट लागतात, म्हणजे साडेचारशेला पावणेसात हजार चौरस फूट नुसते बसण्यातच गेले, मग मांडव, स्टेज, डान्स फ्लोअर, जेवणाच्या लाइन्स. म्हणजे २० मीटर रुंद आणि ४५ मीटर लांब असा तंबू लागेल. मधे खांब नसलेला, ॲल्युमिनियम फ्रेमचा घ्या, नाहीतर नेमका खांब मामांच्या आणि अंतरपाटाच्या मधे येतो. मांडवाची उंचीही मोजा. तंबू मधे उंच असतो आणि कडेला उतरता, डेकोरेटर मांडव कडेला लावायला गेला तर कळस छताला टेकतो.

आणि मला सगळ्यात जास्त ज्या गोष्टीची काळजी वाटते ती म्हणजे मधला दीड तास. सकाळी मांडवासमोर खुर्च्या, मग लग्न लागलं की त्याच तंबूत टेबलं लावायची, याला टर्नअराउंड म्हणतात, आणि त्या दीड तासात ४५० माणसं कुठे उभी राहणार? ब्रोशरमध्ये सगळे लॉनवर ज्यूस घेऊन हसत असतात. पण ऑगस्ट असला तरी इंग्लंड आहे हो ते! माझ्या भाचीच्या लग्नात अगदी त्याच वेळेला पाऊस आला, दोनशे माणसं टॉयलेटच्या छपराखाली आणि उरलेली आपापल्या गाड्यांत, आजीला तर आम्ही केटररच्या व्हॅनमध्ये बसवलं. तिने तिथे दोन समोसे खाल्ले आणि खूश होती ती गोष्ट वेगळी. म्हणून दुसरा तंबू किंवा आत एखादा मोठा हॉल आहे का हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, हॉटेल किंवा बंगला इथेच शेताला मारतो. आणि शक्य असेल तर जागा पावसाच्या दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघा, साधे बूट घालून. पार्किंगच्या कुरणात पाय किती रुततो ते बघा, तुमच्या पायाला जे होतंय तेच नऊवारीतल्या करवल्यांना आणि लेस्टरहून येणाऱ्या कोचला होणार आहे.

कोचवरून आठवलं, गेट किती रुंद आहे? गावातल्या अरुंद रस्त्यांवर ५० सीटर वळतच नाही बऱ्याच ठिकाणी.

होमाचं बोलूया, कारण इथे खूप जण फसतात. "एशियन वेडिंग स्पेशालिस्ट" असं बोर्डावर लिहिलेलं असतं म्हणून आपण धरून चालतो की यांना होम माहीत असणारच. माहीत असतो, पण चालतो का ते वेगळं. काही जण अजिबात नाही म्हणतात, काही जण तंबूबाहेर करा म्हणतात, काही जण छोटं कुंड, खाली पत्रा, बाजूला अग्निशामक आणि एक माणूस उभा अशा अटीवर हो म्हणतात. हे लेखी घ्या, फोनवरचं "येस येस नो प्रॉब्लेम" त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या मॅनेजरला लागू होत नाही. तंबूच्या कापडाचं आग न पकडण्याचं सर्टिफिकेट मागा, इथे त्यासाठी बीएस ७८३७ हे स्टँडर्ड आहे. डेकोरेटर जे झुळझुळीत पडदे आतून लावतो त्यांचंही मागा, होम नेमका त्यांच्या खाली पेटतो. तंबूवाला मुटा या इथल्या तंबूवाल्यांच्या संघटनेचा मेंबर असेल तर बरं. आणि किती वाऱ्याला तंबू रिकामा करायचा ठरलंय, तो निर्णय कोण घेणार, हेही विचारून ठेवा, ज्याला याचं उत्तर पटकन देता येतं तो माणूस कामाचा.

दारूचा विषय तुमच्याकडे आहे का माहीत नाही, पण पैसे घेऊन बार चालवायचा असेल तर लायसन्स लागतं. शेतवाला म्हणेल टेम्पररी इव्हेंट नोटीस (कौन्सिलला द्यायची तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना) टाकू, २१ पाउंडांत काम होतं. होतं, पण ती नोटीस एका वेळी जास्तीत जास्त ४९९ माणसांची, आणि त्यात नुसते पाहुणे नाही मोजत, केटररची पोरं, फोटोग्राफर, डीजे, ढोलवाले सगळे आले. तुमचे ४५० आणि हे ५०-६०, संपला हिशोब! वर कौन्सिलला किमान १० कामाचे दिवस आधी द्यावी लागते, आणि पोलीस किंवा कौन्सिलचं पर्यावरण-आरोग्य खातं हरकत घेऊ शकतं. हॉटेलकडे कायमचं लायसन्स असतं, त्यावर किती माणसं आणि किती वाजेपर्यंत लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शेतवाल्याला अजून एक विचारा, यंदा किती कार्यक्रम झाले म्हणून. प्लॅनिंग परवानगी नसलेल्या जमिनीवर असले तात्पुरते उद्योग वर्षात २८ दिवसच करता येतात.

आवाज. तंबूला भिंती नसतात हे आपण विसरतो, ढोल अर्ध्या गावाला ऐकू जातो. बऱ्याच जागांवर साउंड लिमिटर असतो, आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की स्टेजची वीजच बंद. ढोलाला प्लग नसतो, पण ढोलामुळे लिमिटर उडतो आणि डीजे अंधारात उभा! तेव्हा ढोल कुठपर्यंत वाजवता येईल, वरात घोड्यावरून आणता येईल का, फटाके चालतील का, सगळं आधी. फटाके तसेही रात्री ११ नंतर कायद्याने बंद आहेत, दिवाळी वगैरे दोन-चार रात्री सोडून.

बाहेरचा केटरर चालतो का, त्याचे वेगळे पैसे लावतात का, हे तर तुम्ही विचारलंच असेल. किचनच्या तंबूत तळण किती जणांचं होऊ शकतं ते केटररला स्वतः जागेवर नेऊन विचारा, तुम्ही-आम्ही बघून कळत नाही.

आता तारीख. ऑगस्ट म्हणजे आपला चातुर्मास, मुहूर्त फारसे नसतात, आणि तंबूचा सीझन मात्र तोच. इथली बरीच मंडळी काढीव मुहूर्त घेतात, आजी-आजोबा कुरकुरतात आणि मग येऊन सगळ्यात आधी पहिल्या रांगेत बसतात. गुरुजींना लंडनच्या वेळेने मुहूर्त काढायला सांगा, पंचांगातली वेळ भारताची असते आणि नुसते साडेचार तास वजा करून चालत नाही, सूर्योदयच वेगळा आहे. सकाळचा मुहूर्त निघाला तर डेकोरेटरला आदल्या रात्री आत जाऊ देतील का? कायमच्या मार्कीत आदल्या दिवशी दुसऱ्यांचं लग्न असतं, ते १२ ला संपतं, आणि तुमचा मांडव मग पहाटे चारला उभा राहतो. शनिवार सोडून शुक्रवार घेतलात तर भाव उतरतो हे खरं, पण लेस्टरवाले शुक्रवारी एम१ हायवेवर अडकून मुहूर्तानंतर पोचतील.

माझं विचाराल तर बंगला घ्या, होमाचं लेखी मिळालं तर. नाही मिळालं तर हॉटेल. शेत मुलीच्या मैत्रिणीच्या लग्नाला असू दे.

डिपॉझिट क्रेडिट कार्डने भरा, डेबिट नाही. १०० पाउंडच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीला सेक्शन ७५ चं संरक्षण असतं (जागेवाला बुडाला तर पैसे कार्ड कंपनीकडे मागता येतात), नुसतं डिपॉझिट कार्डावर भरलं तरी. पण करार आणि पैसे थेट जागेवाल्याशी हवेत, मधे प्लॅनर आला की भानगड होऊ शकते. लग्नाचा इन्शुरन्स काढाल तेव्हा मार्की त्यात आपोआप येते असं समजू नका, बहुतेक वेळा जास्तीचे पैसे भरून जोडून घ्यावी लागते.

प्रश्न : मार्कीत गुरुजींनी लावलेलं लग्न इथे कायदेशीर धरतात का? नवरदेव पुण्याहून येणार आहे.
– वरमाय, रेडिंग

उत्तर : इंग्लंडमध्ये नाही धरत. सप्तपदी झाली, मंगळसूत्र घातलं, देवाब्राह्मणांसमोर लग्न लागलं, पण कागदावर दोघं अजून सिंगल. नोंदणीचं लग्न वेगळं करावं लागतं, बहुतेक जण आठवडाभर आधी रजिस्टर ऑफिसात जाऊन उरकतात. बंगल्याला किंवा हॉटेललाच सिव्हिल लग्नाची मान्यता असेल तर १ जुलै २०२१ पासून त्यांच्या आवारात उघड्यावरही ते लावता येतं, पण त्यात मंत्र-श्लोक काही चालत नाही, दोन्ही कार्यक्रम वेगवेगळेच ठेवावे लागतात. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे जागेपेक्षा लग्न लावणाऱ्याला मान्यता असावी लागते.

दोघांनीही आधी रजिस्टर ऑफिसात लग्नाची नोटीस द्यायची, त्याआधी त्या भागात निदान ७ दिवस राहिलेलं असायला हवं, आणि नोटिशीनंतर २८ दिवस थांबायचं. बाहेरून येणाऱ्यांसाठी हे ७० दिवसांपर्यंत लांबू शकतं. आणि प्लीज, नवरदेव साध्या व्हिजिटर व्हिसावर येऊन इथे लग्न नोंदवू शकत नाही! लग्न करून परत जाणार असेल तर मॅरेज व्हिजिटर व्हिसा, इथेच राहणार असेल तर वेगळा. मार्की बुक करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, तंबूची तारीख पुढे ढकलता येईल, होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, घाई करता येत नाही.

प्रश्न : जागेवाले म्हणतात अक्षता टाकायच्या नाहीत आणि हळद तंबूत नको. असं कसं चालेल?
– नवरीची काकू, स्लाऊ

उत्तर : त्यांचीही बाजू आहे थोडी. ४५० माणसांनी मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याला मूठभर तांदूळ फेकले की ते गालिच्यात जातात, पायाखाली घसरतात, आणि साफसफाईचं बिल तुम्हाला येतं. मी एकदा असं केलं होतं, मांडवाभोवती मोठी प्लॅस्टिकची सतरंजी, अक्षता फक्त पुढच्या चार रांगांना, बाकीच्यांना गुलाबाच्या पाकळ्या, आणि "पाकळ्या खऱ्या हव्यात, कागदी नकोत" हे तिथल्या जागेवाल्यांनीच सांगितलं. करारात राइस म्हणून काही लिहिलंय का ते वाचा, कॉन्फेटीच्या कलमात लपलेलं असतं.

हळदीबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने. पांढरं अस्तर, पांढरा गालिचा, आणि आत्याबाईंचे पिवळे हात. हळद घरी मागच्या बागेत करा, जुन्या चादरी अंथरून, आणि शेजाऱ्यांना ढोलाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा.