आधी मॅक्रोफेजमध्ये टाकून बघ

अगं, लिशमानियाच्या (वाळूमाशी चावून होणाऱ्या आजाराच्या) परजीवीवर तू तपासलेल्या कंपाउंडचा मेल वाचला, ग्राफही बघितला. आयसी फिफ्टी, म्हणजे परजीवींची वाढ निम्म्यावर आणणारं प्रमाण, 1 मायक्रोमोलरच्या खाली! खूप बरं वाटलं गं. पण टेस्ट तू प्रोमास्टिगोटवर केलीयेस, म्हणजे वाळूमाशीच्या पोटात असतो तो शेपटीवाला, पोहणारा फॉर्म, फ्लास्कमध्ये 26 डिग्रीला वाढवलेला. लिशमानियाच्या पेशंटच्या कातडीत तो नसतोच. तिथे असतो अमास्टिगोट, गोल, मॅक्रोफेजच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्याच पेशीच्या आत एका आंबट कप्प्यात, पीएच 5 च्या आसपास, दडून बसलेला. तुझ्या मॉलिक्यूलला आधी मॅक्रोफेजचा पडदा, मग त्या कप्प्याचा, मग परजीवीचा स्वतःचा, असे तीन पडदे पार करायचेत.

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी हीच चूक केली, 8 महिने नुसते प्रोमास्टिगोट, 17 कंपाउंड, त्यातली 5 एकदम भारी, आणि मॅक्रोफेजमध्ये टाकल्यावर 4 काहीच करेनात, पाचव्याने मॅक्रोफेजच मारून टाकल्या. त्या रात्री मी खरंच रडले होते.

म्हणून आत्ताच टीएचपी-वन पेशींवर (माणसाच्या, ज्यांच्यापासून मॅक्रोफेज बनवतात त्या) सायटोटॉक्सिसिटी, म्हणजे विषारीपणा काढ, सिलेक्टिव्हिटी इंडेक्स (पेशींना मारणारं प्रमाण भागिले परजीवीला मारणारं) 10 च्या वर आला तरच पुढे जा. त्वचेच्या स्पीशीजसाठी इन्क्युबेटर 34 डिग्रीला ठेवून बघ, कातडी शरीराच्या आतल्यापेक्षा थंड असते. स्लाइडला जिम्साचा रंग दिल्यावर 100च्या ऑइल लेन्सखाली स्वतः मोज, न्यूक्लियसशेजारी छोटी जांभळी काडी दिसली, म्हणजे कायनेटोप्लास्ट (परजीवीच्या डीएनएचा वेगळा गठ्ठा), तरच तो अमास्टिगोट, नाहीतर रंगाचा कचराही मोजला जातो.

अजून एक, हे जास्त महत्त्वाचं. डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी कोलकात्यात 1920 च्या दशकात युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचं औषध काळाआजारासाठी, म्हणजे लिशमानियाच्याच आतल्या अवयवांच्या प्रकारासाठी शोधलं, आणि अँटिमनीची इंजेक्शनं त्वचेच्या लिशमानियासाठी आजही देतात, बऱ्याचदा 20-20 दिवस. मिल्टेफोसिन तोंडाने घेता येतं, मूळचं कॅन्सरचं औषध, पण गरोदर बाईला देता येत नाही. बिकानेरकडच्या एखाद्या पोरीच्या गालावर फोड आला तर तिला लावायला मलम हवंय, त्यामुळे मॉलिक्यूल 500 डाल्टनच्या आत ठेव, नाहीतर कातडीतून जाणारच नाही. आणि हे फोड बरेचदा महिन्यांनी आपोआप बरे होतात, म्हणून उंदरांमध्ये औषध नसलेलं, नुसत्या बेसचं मलम लावलेला ग्रुप कधीच गाळू नकोस, गाइड घाई करत असले तरी.

सोमवारी टीएचपी-वन थॉ कर. पहिल्या स्लाइडचा फोटो मला पाठव, रात्री उशिरा पाठवलास तरी चालेल, मी जागीच असते.